वऱ्हाडांतील घरची जमीन: सारवणापासून लादीपर्यंत

वऱ्हाडांतील शेतकऱ्याच्या बोलण्यांत भूमीचे दोन वर्ण आहेत: शेताची ती काळी आणि गांवठाणाची ती पांढरी. काळींत कपाशी उत्तम पिकते, पण तिच्यावर घर सुखानें उभें राहत नाहीं. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत आकसून भेगाळते, आणि तिच्यावर बसविलेली फरशीहि तिच्याबरोबर उचलते वा खचते. म्हणून जाणते लोक खालीं मुरुमाची भर घालीत, वर पांढरी माती चोपून जमीन करीत आणि ती शेणानें सारवीत. सारवण म्हणजे केवळ स्वच्छता नव्हे. भेग बुजविणें, पोपडा बसविणें ही दुरुस्तीहि त्याच हातानें होई. त्यापायीं गृहिणीचे गुडघे झिजत, हें मात्र जुन्या जमिनीचे गोडवे गाणारांनीं विसरूं नये.

१८५३ सालीं निजामानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवालीं केला. १८६७ सालीं मुंबईचा लोहमार्ग अकोला व बडनेरा मागें टाकून नागपुरास पोंचला. कापसानें पैसा आणला आणि आगगाडीनें दूरचा माल घराशीं आणणें सोपें केलें. पुढें १९२२ सालीं फेरोजशा सिधवा यांनीं स्वदेशी लाद्यांचा ‘भारत’ कारखाना काढला. त्या नक्षीदार लाद्या भाजलेल्या नसत. रंगीत सिमेंट यंत्रानें दाबून त्या घडवीत. आज घरोघर दिसणारी सिरॅमिक लादी निराळी. ती मातीची, हजार अंशांहून अधिक उष्णतेंत भाजलेली असते आणि तिच्या अंगावर बहुधा कांचेसारखा लेप असतो. हा भेद कळल्यावांचून तिची निगा राखतां येत नाहीं.

अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्याचा मोठा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. तेथील विहिरीचें पाणी फरशीवर वाळलें कीं पांढरा थर उरतो. तो घालविण्यासाठीं पुष्कळजण बाजारचें ॲसिड ओततात. लादीचा लेप तें बहुधा सोसतो; दरजांतील सिमेंट सोसत नाहीं. दरज पोखरली कीं पाणी खालीं मुरतें, आणि खालीं काळी माती असली तर ती फुगून लादी सुटते व पोकळ वाजूं लागते. डाग जातो, पण जमीन बिघडते.

खरा उपाय साधा आहे. आधीं झाडून कचकच काढावी, कारण वाळूचा कण लेपावर ओरखडे पाडतो. मग पिळलेल्या फडक्यानें पुसून लगेच कोरड्या फडक्यानें टिपावें. पाणी वाळण्यापूर्वींच टिपलें तर खार बसावयास जागाच उरत नाहीं. शेवटचें पुसणें गोड्या पाण्याचें असावें. जुन्या थरावर पातळ केलेला शिरका क्षणभर लावून भरपूर पाण्यानें धुवावा. सिमेंटच्या जुन्या लादीस मात्र तोहि वर्ज्य. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड यांची गांठ तर कधींच घालूं नये. त्यांतून विषारी वायु निघतो.

आणि दरवर्षीं मृगापूर्वीं दरजा पाहून भरून घ्याव्या. सारवतांना हात प्रत्येक भेगेवरून फिरत असे, म्हणून ती आपोआप दिसे. लादीनें गृहिणीचे कष्ट वांचविले, हें फार चांगलें झालें. पण लादी नुसती चकाकते एवढ्यावर विसंबून आपण भेगा पाहणेंच सोडून दिलें. ती सवय घरांतील सर्वांनीं मिळून पुन्हां लावून घ्यावयास हवी.