लहान आतड्याचा कर्करोग : शारीरिक तपासणीतील खुणा

लहान आतड्यातील घातक गाठीमुळे रुग्णाच्या अंगावर, पोटात व गुदमार्गात डॉक्टरच्या डोळ्यांना, हातांना आणि कानांना सापडणाऱ्या खुणा. सुरुवातीच्या काळात बहुतेक वेळा काहीच सापडत नाही, आणि या रोगाची खरी अडचण तीच आहे. सुमारे सहा मीटर लांबीचे हे आतडे पोटात सैल वेटोळी घालून असते. आतले अन्न पातळ असल्याने वाट बरीच अरुंद झाली तरी ते पुढे सरकत राहते. पचनमार्गाच्या लांबीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग या आतड्याचा, पण पचनमार्गाच्या कर्करोगांत त्याचा वाटा पाच टक्क्यांहूनही कमी. त्यामुळे पोट दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या बाबतीत या रोगाची शंका सहसा उशिरा येते.

रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्याला सी-१७ हा स्वतंत्र क्रमांक आहे; कर्करोगाच्या नोंदणीत तो याच क्रमांकाखाली येतो. बेंगळुरूच्या होसूर रस्त्यावरील किडवाई कर्करोग संस्था १९७३ साली सुरू झाली. शहराची लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी १९८२ पासून तिथे चालते. कर्नाटकभरातून लोक उपचारासाठी बेंगळुरूला येतात आणि तपासणी त्यांच्या बोलीपासूनच सुरू होते. कानडी रुग्ण ‘होट्टे नोवु’ म्हणतो; बेळगाव-निपाणीकडचा मराठी रुग्ण ‘पोटात गोळा येतो’ म्हणतो. मराठीत भीतीनेही पोटात गोळा येतो, त्यामुळे हे वाक्य कानाआड करणे सोपे. पण जेवणानंतर कळ, थोडी फुगी, गुरगुर आणि मग आपोआप आराम, असे वर्णन असेल तर आतडे अधूनमधून अडते आहे, असे मानून चालावे लागते. हा गोळा हाताला लागतो का, हा पुढचा प्रश्न.

पोटाला हात लावण्याआधी डोळे, जीभ, नखे पाहतात. गाठीतून थेंबथेंब रक्त जात राहिले की पापणीच्या आतला भाग फिकट पडतो. लोहाची कमतरता जुनी असल्यास नखे चमच्यासारखी खोलगट होतात. आपल्याकडे रक्त कमी असणे इतके सर्रास आहे, की लोहाच्या गोळ्या देऊन विषय संपतो. उतारवयातल्या पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या बाईत मात्र तो तिथे संपू नये. डोळे पिवळे दिसले तर संशय आद्यांत्राकडे, म्हणजे ड्युओडेनमकडे जातो, कारण पित्तनलिका तिथे उघडते. कावीळ आहे आणि उजव्या बरगडीखाली न दुखणारे, फुगलेले पित्ताशय हाताला लागते, ही जोडी स्विस शल्यचिकित्सक कुर्वाझिए यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी १८९० साली नोंदवलेले हे निरीक्षण पित्तखड्यापेक्षा गाठीकडे बोट दाखवते. अपवाद अर्थातच आहेत. आद्यांत्र अडले की जठर भरून राहते. जेवून तीन-चार तास झाल्यावरही पोट हलवल्यास आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो.

गाठ खालच्या भागात असेल तर पोटाचा मध्यभाग फुगतो. रोडावलेल्या माणसाच्या पातळ कातडीखाली आतड्याच्या लाटा शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकाखाली एक सरकताना दिसतात. त्या दिसण्यासाठी पोटाच्या पातळीवर डोळे आणून दोन-चार मिनिटे स्वस्थ बघावे लागते, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमका तेवढाच वेळ नसतो. स्टेथोस्कोपमधून कळेबरोबर उंच, धातूवर आपटल्यासारखे आवाज येतात. पोट एकदम शांत आणि लाकडासारखे ताठ झाले, तर आतडे फुटल्याची शंका घेतात. लिम्फोमात हा धोका विशेष.

हाताला लागणारी गाठ बहुधा मोठी झालेली असते. आतडे ज्या पडद्याने पाठीमागच्या भिंतीला टांगलेले असते, त्याचे मूळ डाव्या वरच्या बाजूकडून उजव्या खालच्या बाजूकडे तिरके जाते. म्हणून गाठ त्या रेषेशी काटकोनात सहज सरकते, रेषेच्या दिशेने फारशी नाही. आज लागलेला सॉसेजच्या आकाराचा गोळा उद्या नाहीसा झाला, तर आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरला असावा. लहान मुलांत हे गाठीशिवाय घडते. मोठ्या माणसात आत शिरलेल्या भागाच्या टोकाशी बहुधा काहीतरी असतेच.

काही खुणा पोटापासून दूर असतात. ओठांवर व गालांच्या आत काळसर ठिपके असतील तर प्युट्झ-जेगर्स हा आनुवंशिक विकार आठवावा. शेषांत्रात, म्हणजे इलियममध्ये, होणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन गाठीतून झिरपणारी द्रव्ये एरवी यकृतात निष्प्रभ होतात. यकृतातच रोग पसरला की ती थेट रक्तात उतरतात. मग चेहरा अचानक लालबुंद होतो, पातळ जुलाब होतात, छातीत घरघर वाजते आणि हृदयाच्या उजव्या झडपांची मर्मर ऐकू येते. असा रुग्ण आधी दम्याच्या किंवा हृदयाच्या डॉक्टरांकडे फिरून आलेला असणे नवल नाही.

पसरलेल्या रोगात यकृत टणक व खडबडीत लागते, कूस बदलल्यावर पोटात साचलेल्या पाण्याचा बद्द आवाज जागा बदलतो, डाव्या गळपट्टीच्या हाडावर गाठ येते. बेंबीतल्या कठीण गाठीला अमेरिकेतील सिस्टर मेरी जोसेफ यांचे नाव आहे. रोचेस्टरच्या रुग्णालयात विल्यम मेयो यांना शस्त्रक्रियेत साहाय्य करणाऱ्या या जोगिणीच्या लक्षात ती खूण आली होती. गुदमार्गात बोट घालून तपासणी करताना ओटीपोटाच्या तळाशी टणक कंगोरा लागतो, किंवा हातमोज्यावर डांबरासारखी काळी शौच येते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, म्हणून ती तपासूनच घ्यावी लागते. संकोचापोटी वगळली जाणारी तपासणी ही गुदमार्गाचीच.

भारतात या सगळ्या खुणांना वाटेकरी आहे तो आतड्याचा क्षय. उजव्या कुशीतला गोळा, ताप, रोडावणे, पोटातले पाणी, अधूनमधून अडणे हे दोन्हींत सारखेच. क्षयात पोट कणकेसारखे लागते असे विद्यार्थी पाठ करतात, पण बोटांना हा फरक दर वेळी कळतोच असे नाही. सीटी, कॅप्सूल वा फुग्याच्या दुर्बिणीने गाठीची जागा कळली, तरी क्षय की कर्करोग हे काढलेल्या तुकड्यावरूनच ठरते.