चित्रातला चंद्रगुप्त आणि पाठशाळेतली मुलं



चातुर्मासात पाठशाळेतल्या मुलांना बक्षीस काय द्यायचं, हा प्रश्न दरवर्षी येतो. कंपासपेटी आता सगळ्यांकडेच असते. त्यामुळे हल्ली इतिहासाची चित्रांची पुस्तकं देतात. मला ही पद्धत आवडते. मात्र ती पुस्तकं मुलांबरोबर वाचायची कशी, याचा विचार आपण बायकांनीच करायला हवा, कारण पाठशाळा बहुतेक ठिकाणी आपणच चालवतो.

आपल्या पिढीला अशी पुस्तकं मिळाली ती अनंत पै यांच्यामुळे. दिल्लीत दूरदर्शनच्या प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणातलं उत्तर आलं, पण रामाच्या आईचं नाव आलं नाही, हे त्यांनी पाहिलं आणि १९६७ मध्ये ‘अमर चित्र कथा’ सुरू झाली. राम वाईरकर, प्रताप मुळीक अशा आपल्याकडच्या चित्रकारांनी त्यात भरपूर काम केलं. पुढे १९७८ मध्ये शालेय शिक्षणात चित्रकथेचं स्थान काय, यावर दिल्लीत चर्चासत्रही झालं. म्हणजे ही पुस्तकं वर्गात चालतील का, हा विचार तेव्हापासूनचा आहे.

चालतात, हे तर आपण पाहतोच. ‘तटबंदी’ हा शब्द दहा वेळा समजावूनही जे मुलाला कळत नाही, ते एका चित्रात कळतं. पण चित्राची एक अडचण आहे. लिहिताना आपण ‘बहुधा’, ‘असं म्हणतात’ असे शब्द घालू शकतो. चित्रकाराला ती सोय नाही. राजा काढायचा तर मिशी काढावी लागते किंवा वगळावी लागते. बहुधा मिशी असलेला राजा काढता येत नाही! आणि मुलाच्या मनात वाक्य राहत नाही, चित्र राहतं.

हे किती खोल जातं पाहा. एके काळी शिवाजी महाराजांचं म्हणून जे चित्र सगळीकडे छापलं जाई, ते प्रत्यक्षात इब्राहिमखान नावाच्या माणसाचं होतं. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये महाराजांचं खरं चित्र पुढे आणलं, तेव्हा लोकांना ते समजलं. तोपर्यंत कित्येकांनी भलत्याच चेहऱ्याला नमस्कार केला.

आता आपल्या जवळचं उदाहरण घेऊ, चंद्रगुप्त मौर्याचं. त्याच्या काळातलं त्याचं एकही चित्र आज आपल्याकडे नाही. पुस्तकात दिसतो तो चेहरा पूर्णपणे चित्रकाराचा. ग्रीक वकील मेगॅस्थेनीस पाटलीपुत्राला आला होता. त्याचा मूळ ग्रंथ हरवला, पण पुढच्या ग्रीक आणि रोमन लेखकांनी त्यातले उतारे दिले आहेत. त्यात पाटलीपुत्राचा तट लाकडी असल्याचं सांगितलं आहे, आणि पाटण्याजवळ बुलंदीबागेच्या उत्खननात तसा लाकडी तट सापडलाही. तेव्हा एखाद्या पुस्तकात पाटलीपुत्राला दगडी तट दिसला, तर आठ वर्षांचं मूलसुद्धा चूक दाखवू शकतं.

शेवटचं पान मात्र आपल्याला अधिक नाजूक. चंद्रगुप्ताने राज्य सोडलं, भद्रबाहू स्वामींबरोबर दक्षिणेत गेला आणि श्रवणबेळगोळला सल्लेखना घेतली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिथल्या चंद्रगिरीवर इ. स. ६०० च्या सुमाराचा शिलालेख आहे. त्यात बारा वर्षांच्या दुष्काळाचं भाकीत, संघाचं दक्षिणेला जाणं आणि प्रभाचंद्र नावाच्या आचार्यांचा उल्लेख आहे. प्रभाचंद्र म्हणजेच चंद्रगुप्त, असं काही अभ्यासक मानतात. राईस यांनी ही परंपरा मान्य केली, फ्लीट यांनी तिला आक्षेप घेतला. श्वेतांबर परंपरेत तर भद्रबाहू त्या सुमारास नेपाळकडे होते. शिवाय चंद्रगुप्त आणि तो शिलालेख यांच्यामध्ये जवळजवळ नऊशे वर्षं आहेत.

त्याच टेकडीवर चंद्रगुप्त बसदी आहे. तिथल्या जाळीदार दगडी पडद्यावर भद्रबाहू आणि चंद्रगुप्त यांच्या आयुष्यातले सुमारे ९० प्रसंग कोरले आहेत. बाराव्या शतकातलं काम, शिल्पकाराचं नाव दासोज. मला तो पडदा म्हणजे दगडातलं चित्रांचं पुस्तकच वाटतो. दासोजनेही चंद्रगुप्ताला पाहिलं नव्हतं. त्याने परंपरा कोरली आणि खाली स्वतःचं नाव घातलं.

मी कॉमर्सची. रोजकीर्दीत नोंद दिसली की व्हाउचर कुठे आहे, असं विचारायची आम्हाला सवय लावली होती. व्हाउचर मागणं म्हणजे मालकावर संशय घेणं नव्हे. पाठशाळेतही हेच करता येतं. वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे: ‘पुरावा आहे’, ‘परंपरा सांगते’, ‘चित्रकाराने घातलं’. मग पुस्तकाचं एकेक पान घेऊन मुलांनाच भरायला सांगायचं. लाकडी तट पहिल्या रकान्यात. भद्रबाहूंकडून दीक्षा दुसऱ्यात. मुकुट, मिशी, शेल्याचा रंग तिसऱ्यात. मुलं भांडतात, पान उलटून परत बघतात. तासाला एवढं पुरे.

काही जणी म्हणतात, अशाने मुलांची श्रद्धा कमी होईल. मला उलट भीती वाटते. तिन्ही रकाने आपण एकच करून शिकवले, तर पुढे कॉलेजात किंवा मोबाइलवर कोणीतरी तिसऱ्या रकान्यातली एक गोष्ट खोटी ठरवेल, आणि मूल तिन्ही टाकून देईल. एवढ्या मोठ्या राजाने सगळं सोडलं, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या लोकांना सांगावीशी वाटली, दगडात कोरावीशी वाटली. दुसऱ्या रकान्याचं मोल त्यात आहे. ते मुलांना नीट सांगितलं की पुरतं.

यंदाच्या बक्षिसाच्या पुस्तकांबरोबर एक कोरी वही जरूर द्या.