होइट विल्हेल्म : रिलीफ पिचरची कारकीर्द आणि मोजमापाचा प्रश्न

प्रस्तावना :
बेसबॉलमध्ये सामन्याच्या प्रारंभी चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या जागी पुढे जो येतो, त्यास रिलीफ पिचर म्हणतात. दीर्घकाळ ही भूमिका दुय्यम समजली गेली. प्रस्तुत लेखात अमेरिकन खेळाडू होइट विल्हेल्म (१९२२-२००२) यांच्या कारकिर्दीच्या आधारे या भूमिकेला मिळालेल्या मान्यतेचा विचार केला आहे.

कारकीर्द :
नॉर्थ कॅरोलिना राज्यात जन्मलेले विल्हेल्म दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आघाडीवर जखमी झाले. प्रमुख लीगमध्ये ते १९५२ साली, वयाच्या २९ व्या वर्षी, न्यूयॉर्क जायंट्सकडून उतरले. त्या हंगामातील त्यांचे सर्व ७१ सामने रिलीफ पिचर म्हणूनच होते. तरीही १५ विजय त्यांच्या नावे नोंदले गेले. 'नकलबॉल' हे त्यांचे मुख्य अस्त्र होते. बोटांच्या टोकांनी धरलेला हा चेंडू जवळजवळ फिरकीविना जातो व शिवणीभोवतीच्या हवेमुळे अनपेक्षित वळतो. तो झेलणेही इतके अवघड होते की, १९६० मध्ये बाल्टिमोरचे व्यवस्थापक पॉल रिचर्ड्स यांनी झेल घेणाऱ्यासाठी मोठा हातमोजा तयार करवून घेतला. या चेंडूस वेग लागत नसल्याने हातावर ताण कमी पडे. म्हणूनच पन्नाशीच्या उंबरठ्यापर्यंत, म्हणजे १९७२ पर्यंत, ते खेळू शकले. एकूण १,०७० सामन्यांपैकी केवळ ५२ सामन्यांत त्यांनी प्रारंभ केला.

मोजमापाचा प्रश्न :
राखलेली आघाडी मोजणारी 'सेव्ह' ही नोंद १९६९ मध्ये अधिकृत झाली. तोवर विल्हेल्म यांची बहुतांश कारकीर्द संपली होती. म्हणजेच त्यांचे मुख्य कार्य ज्या काळात घडले, त्या काळी त्यासाठी अधिकृत रकानाच नव्हता. १९७८ पासून त्यांचे नाव 'हॉल ऑफ फेम'च्या मतदानात होते; निवड मात्र आठव्या वर्षी, १९८५ मध्ये झाली. हा मान मिळविणारे ते पहिले रिलीफ पिचर ठरले.

निष्कर्ष :
नोंदवह्या वास्तवाचे केवळ प्रतिबिंब नसतात. कोणते श्रम दृश्य ठरावेत हेही त्या ठरवितात. ज्या श्रमांना रकाना नाही, ते घडले नाहीत असे इतिहासाच्या अभ्यासकाने मानू नये, हाच विल्हेल्म यांच्या कारकिर्दीचा बोध होय.