ओलांडायचा समुद्र : नाशिक आणि परिवर्तनाची एक प्रतिमा

गोदावरी ज्या ब्रह्मगिरीवर उगम पावते तेथून अरबी समुद्र अवघा ८० किलोमीटरच्या आसपास आहे. तरीही ही नदी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला वळते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. अशा घाटमाथ्यावरच्या नाशिक परिसराने आधुनिक मराठीला समुद्राला उद्देशून लिहिलेल्या दोन अत्यंत गाजलेल्या कवितांचे कवी दिले आणि विलायतेहून परतलेल्या माणसाला शुद्ध करून घेण्याचे तीर्थ म्हणूनही एकोणिसाव्या शतकात याच गावाचा उपयोग झाला. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या, तर समाजातील बदल सांगण्यासाठी मराठीने समुद्र कसा वापरला आणि इंग्रजीहून तो वेगळा का ठरला, हे बऱ्याच अंशी उलगडते.

इंग्रजीतील रूढ प्रतिमेत समुद्र हाच बदल असतो. मताधिकाराचा विस्तार करणारे सुधारणा विधेयक उमरावांच्या सभागृहाने फेटाळल्यावर ऑक्टोबर १८३१ मध्ये टॉन्टन येथील सभेत सिडनी स्मिथ या विनोदी पाद्र्याने पार्टिंग्टनबाईंची गोष्ट सांगितली. १८२४ च्या वादळात सिडमथच्या किनाऱ्यावर अटलांटिकचे पाणी घरात शिरू लागले, तेव्हा या बाई दारात उभ्या राहून ते फडक्याने टिपून बाहेर लोटत होत्या. जिद्द दांडगी, पण गाठ महासागराशी, असा त्याचा रोख होता आणि पुढच्याच वर्षी विधेयक मंजूर झाले. मॅथ्यू आर्नल्डच्या १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डोव्हर बीच’ या कवितेत धर्मश्रद्धेला ओहोटी लागते, म्हणजे पाण्याची दिशा उलटते. पण माणूस किनाऱ्यावरून पाहतच राहतो. बेटावर राहणाऱ्या आणि भरतीच्या वेळा पाहून गलबते हाकणाऱ्या लोकांना ही प्रतिमा सुचणे स्वाभाविक होते. तिची खोट एवढीच, की तिच्यात बदल घडवणारी माणसे दिसत नाहीत : विधेयक फेटाळले गेले त्याच महिन्यात नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टलमध्ये पेटलेल्या दंगलींचा स्मिथच्या पाण्यात मागमूस नाही.

मराठीला वारसा मिळाला तो भवसागराचा. संसार हा समुद्र, नामस्मरण ही नौका, देव किंवा गुरू हा नावाडी आणि मुक्ती हे पैलतीर, अशी ही रूपकमाला संतवाङ्मयात इतकी मुरलेली आहे, की कीर्तनकाराला ती समजावून सांगावी लागत नाही. या रूपकात समुद्र कधी बदलत नाही. तो आहे तसाच राहतो आणि ज्याचा त्याने तो तरून जायचा असतो.

याच्या जोडीला खराखुरा समुद्रही निषिद्ध ठरला होता. कलिवर्ज्य, म्हणजे पूर्वी मान्य असले तरी कलियुगात टाळावयाचे आचार, यांच्या यादीत नौकेने समुद्रप्रवास केलेल्या द्विजाचा स्वीकार येतो आणि प्रायश्चित्त घेतल्यावरही त्याला जवळ करू नये, असे ते वचन सांगते. (असे वाद ज्यांच्या आधारे लढवले जात, त्या ग्रंथांची नावे मात्र ‘निर्णयसिंधु’ आणि ‘धर्मसिंधु’ अशी असावीत, ही गंमतच.) व्यवहार शास्त्राइतका कठोर नव्हता. कोकणच्या किनाऱ्यावर समुद्रावरच पोट असणाऱ्या जातींना या वचनाचे सोयरसुतक नव्हतेच, आणि इंग्रजी अमलात बॅरिस्टर व डॉक्टर होऊन परतणारे उच्चवर्णीय वाढू लागले तशी प्रायश्चित्ताची पळवाट रुळली. १८८८ मध्ये मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेला निघाले, तेव्हा तेथील मोढ वाणी जातीने त्यांना वाळीत टाकले. १८९१ मध्ये ते परतल्यावर थोरल्या भावाने राजकोटला जाण्यापूर्वी त्यांना नाशिकला नेले, पवित्र नदीत स्नान घडवले आणि पुढे राजकोटला जातीला जेवण घातले. हे सारे आपल्याला रुचले नव्हते, असे गांधींनी आत्मकथेत नमूद केले आहे. ज्या पिढीला समुद्र ओलांडण्याची किंमत जातीच्या पंगतीत मोजावी लागली, तिच्या दृष्टीने समुद्र हे बदलाचे रूप नव्हते. तो बदलाच्या आड येणारा अडसर होता.

नाशिकजवळच्या भगूर येथे १८८३ मध्ये जन्मलेले विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये विलायतेला गेले आणि १९०९ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर त्यांनी कवितेतून मायभूमीला परत नेण्याची विनवणी सागराला केली. ही विनवणी अखेरीस धमकीवर येते : समुद्र एका आचमनात पिऊन टाकणाऱ्या अगस्तीची आठवण समुद्रालाच करून दिली जाते. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत हिंदू समाजाला जखडणाऱ्या सात बेड्या त्यांनी निबंधात मोजल्या, तेव्हा समुद्र ओलांडण्यास असलेल्या मनाईला त्यांनी ‘सिंधुबंदी’ म्हटले आणि स्पर्शबंदी, रोटीबंदी, बेटीबंदी यांच्या रांगेत तिला बसवले. कवितेतील आणि निबंधातील समुद्र भिन्न असले, तरी दोन्ही ठिकाणी मधले पाणी हेच संकट आहे.

या परंपरेला सर्वांत ठळक कलाटणी दिली ती वि. वा. शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज यांनी. त्यांचे बालपण पिंपळगाव बसवंत येथे आणि शिक्षण नाशिकला झाले; १९३३ च्या त्यांच्या पहिल्या संग्रहाचे नावच ‘जीवनलहरी’ होते. वि. स. खांडेकरांच्या पुढाकाराने १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘विशाखा’मधील ‘कोलंबसाचे गर्वगीत’ या कवितेत वादळात सापडलेल्या जहाजावरचा कप्तान खवळलेल्या दर्याला ललकारतो आणि धीर सुटलेल्या खलाशांना चेतवतो. भवसागराची सारी सामग्री येथे आहे, समुद्र, नौका आणि पैलतीरही. मात्र नावाडी देव नाही, तारणे एकट्याचे नाही आणि पैलतीर याच जगात आहे. शिवाय अमर्यादतेचा मान समुद्राकडून काढून घेऊन तो माणसाच्या आकांक्षेला दिला जातो, किनाऱ्याचे बंधन समुद्राच्या पदरी येते. ‘चले जाव’च्या वर्षी वाचकाने या दर्यात परकी सत्ता पाहिली आणि जहाजात देश. खऱ्या कोलंबसाने पैलतीरावरच्या रहिवाशांचे काय केले, हा प्रश्न त्या वाचकाला पडला नाही आणि कवितेलाही त्याची गरज वाटलेली नाही.

कुसुमाग्रजांनी तरुणपणी ज्या लढ्यात भाग घेतला त्यात समुद्राचे तिसरे रूप दिसते. २ मार्च १९३० रोजी, दांडीयात्रा निघण्याच्या दहा दिवस आधी, डॉ. आंबेडकर आणि भाऊराव कृष्णराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सुमारे मैलभर लांबीची मिरवणूक नाशिकच्या रस्त्यांवरून गेली. दरवाजे बंद आढळल्यावर ती गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तेथे सभा झाली. लढा पुढे काही वर्षे चालूनही दरवाजे उघडले नाहीत. अशा गर्दीला ‘जनसागर’ म्हणण्याची पद्धत आज अंगवळणी पडली आहे, पण हे लोक भरतीसारखे आपोआप आलेले नव्हते. गावोगाव फिरून त्यांना जमवावे लागले, चार-चारांच्या रांगा लावाव्या लागल्या आणि ९ एप्रिलला, रामनवमीच्या रथोत्सवात, त्यांना मार खावा लागला.

सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक यांनी याच चळवळीच्या पुढच्या काळात तुफानातल्या दिव्यांचे गाणे रचले, तेव्हा त्यांनी कार्यकर्त्यांना तुफान म्हटले नाही; तुफान भोवतालचे आणि दिवे ते स्वतः, अशी वाटणी केली. निवडणुकीच्या बातम्यांतील ‘लाट’ मात्र थेट पार्टिंग्टनबाईंच्या किनाऱ्यावरची आहे : तिच्यात उमेदवार वाहून जातात किंवा तरतात, आणि मतदार कोठेच नसतो. मराठी वर्तमानपत्रांनी ही लाट विनातक्रार स्वीकारली. कर्डकांचे गाणे मात्र वर्तमानपत्रांपेक्षा गायन पार्ट्यांतून आणि वस्त्यांतील जयंतीच्या मांडवांतून पसरले, त्यामुळे या प्रतिमेचा इतिहास केवळ छापील मजकुरावरून लिहिता येत नाही.