पेस्तनजींचे येणे

व्यापारी पेढी बुडाली म्हणजे तिच्या वह्या उघडल्या जातात व पहिला प्रश्न निघतो तो हा की, हिचे लोकांकडे येणे किती आणि त्यातील वसूल होण्याजोगे किती? कूळ साधे असेल तर न्यायालयाचा दरवाजा आहे; पण कूळच राजा असेल तर? एकोणिसाव्या शतकात आमच्या वऱ्हाडाने या प्रश्नाची दोन उत्तरे पाहिली.

विकाजी व पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंच्या पेढीने १८२५-२६ साली १,२०,००० पौंड कापूस ५०० बैलांवर लादून वऱ्हाडातून मुंबईस रवाना केला. पश्चिमेकडील ही पहिली मोठी निर्यात होय. पुढे या पेढीने निजामाच्या दरबारास कर्जाऊ रकमा दिल्या. त्यांच्या फेडीसाठी राजा चंदुलाल यांनी १८४१ साली वऱ्हाडातील मोठ्या मुलखाचा महसूल तिजकडे लावून दिला. १८४३ साली चंदुलालांनी अधिकार सोडला, तेव्हा राज्य कर्जात बुडालेले होते. १८४५ साली पेस्तनजींकडील मुलूख काढून घेण्यात आला. त्यांनी जप्तीस नेटाने विरोध केला, पण तो टिकला नाही. तारण गेले, येणे वहीत राहिले, आणि पेढी मोडली.

आता दुसरा सावकार पाहा. परतवाड्याची छावणी हैदराबाद कंटिंजंट फौजेची. या फौजेचा एकंदर खर्च सालीना सुमारे ४० लाख रुपये. पगार थकला की कंपनी सरकार आपल्या तिजोरीतून तो देई आणि निजामाच्या नावे मांडी. २१ मे १८५३ च्या तहाने या बाकीपायी व पुढील खर्चाच्या तरतुदीसाठी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६० साली सुमारे ५० लाखांची बाकी सोडून देण्यात आली. वऱ्हाड मात्र सुटले नाही. १९०२ साली तेच वऱ्हाड सालीना २५ लाखांवर कायमच्या पट्ट्याने दिले गेले.

कूळ एकच, तारणही एकाच मुलखाचे. एकाचे तारण हिरावले गेले. दुसऱ्याचे येणे माफ होऊनही तारण त्याच्याच हाती राहिले. कारण पेस्तनजींपाशी केवळ कागद होता, कंपनीपाशी कागदामागे पलटण होती. राजालाही बांधील असा कायदा जेथे नांदतो, तेथेच व्यापाऱ्याची वही ही मालमत्ता ठरते. एरवी तिची किंमत रद्दीइतकीच!