भुरीचा बंदोबस्त

द्राक्षाच्या पानावर पिठासारखा पांढरा थर दिसला की वडील तडक गंधकाचं पोतं सोडत. पुण्याच्या शेती महाविद्यालयात शिकलेले ते. ही भुरी मण्यांवर बसली तर साल कडक होते, मणी फुगताना तडकतात आणि घड हातचा जातो. १९३१ साली उप्पल, चीमा आणि कामत या शास्त्रज्ञांनी मुंबई इलाख्यातल्या भुरीवर आणि तिच्या बंदोबस्तावर पुस्तिका लिहिली. चीमा म्हणजे गणेशखिंडीत पेरूचा ‘लखनौ-४९’ वाण निवडणारे. पेरूमुळे त्यांचं नाव टिकलं. भुरीच्या कामाचीही तितकीच आठवण ठेवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

गंधक सकाळीच धुरळायचं, कडक उन्हात पानं करपतात. केवडा या द्राक्षावरच्या दुसऱ्या रोगावर मात्र बोर्डो मिश्रण: शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना. मोरचूद मातीच्या किंवा लाकडी भांड्यात भिजवत, कारण त्याचं द्रावण लोखंड खातं. तयार मिश्रणात वडील कोयत्याचं पातं बुडवून बघत. त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला. मग चुन्याची निवळी आणखी ओतायची, नाहीतर कोवळी पानं जळतात. फ्रान्समधल्या मिलार्दे यांनी १८८५ मध्ये मांडलेलं हे औषध आजही द्राक्षबागांत फवारतात.