आकुर्डी ते चाकण : लवकर निवृत्त होण्याच्या स्वप्नाचा सत्तर वर्षांचा इतिहास

१/
चाकण म्हटले की इतिहासप्रेमींच्या डोळ्यांसमोर संग्रामदुर्ग उभा राहतो. १६६० चा पावसाळा, शाहिस्तेखानाचा वेढा आणि फिरंगोजी नरसाळा यांनी जवळजवळ दोन महिने झुंजवलेला भुईकोट. त्याच चाकणमध्ये ३५३ वर्षांनी, २०१३ च्या पावसाळ्यात, आणखी एक दीर्घ झुंज झाली. ती एका कारखान्याच्या दारात झाली आणि तिच्यातील एक मागणी भारतीय कामगार चळवळीत क्वचितच ऐकू आली होती.

२/
२५ जून २०१३ रोजी बजाज ऑटोच्या चाकण प्रकल्पातील कामगारांनी संप पुकारला. विश्व कल्याण कामगार संघटनेच्या मागण्यांत वेतनवाढ होतीच. शिवाय प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० समभाग, प्रत्येकी एक रुपया दराने, मिळावेत अशीही मागणी होती. बाजारात त्या वेळी या एका समभागाचा भाव दीड हजार रुपयांच्या वर होता.

३/
म्हणजे साडेसात लाखांहून अधिक किमतीची मालमत्ता पाचशे रुपयांत. व्यवस्थापनाने ही मागणी मान्य केली नाही. सुमारे पन्नास दिवसांनी, ऑगस्टच्या मध्यास, संप मागे घेतला गेला. समभाग मिळाले नाहीत. तरीही एक प्रश्न मागे उरला. पिढ्यान्‌पिढ्या पगार, बोनस आणि महागाई भत्ता यांसाठी लढलेल्या कामगाराला मालकीतला वाटा का मागावासा वाटला?

४/
त्याचे उत्तर शोधण्यासाठी मागे जावे लागते. आज पिंपरी-चिंचवड, तळेगाव, चाकण या पट्ट्यातील अनेक तरुण ‘फायर’चे गणित मांडतात : भरपूर बचत करायची, ती गुंतवायची आणि चाळिशी-पंचेचाळिशीतच नोकरीच्या गरजेतून मुक्त व्हायचे. हे स्वप्न परदेशी पुस्तकांतून आले असे वाटते. परंतु ‘पगार थांबल्यावर काय?’ हा प्रश्न या भूमीवर पहिला भोंगा वाजला तेव्हापासूनच आहे.

५/
१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज ऑटो आणि पिंपरी-चिंचवड परिसरात टेल्को उभी राहिली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. ज्वारी-बाजरीच्या रानांत तीन पाळ्यांत चालणारे शहर वसले.

६/
या शहरात आलेला कामगार बहुधा शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याच्या वडिलांना ‘निवृत्ती’ हा शब्दच लागू नव्हता. हातपाय चालतील तोवर शेत करायचे, पुढे मुलांनी सांभाळायचे. कारखान्यात मात्र वयाचा आकडा लिहिलेला होता आणि त्या दिवशी पगार थांबणार होता. म्हातारपणाची तजवीज प्रथमच महिन्याच्या पगारातून करावी लागणार होती.

७/
ती तजवीज कायद्याने लावून दिली. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने आरंभी सहा उद्योग निवडले आणि त्यांत अभियांत्रिकी उद्योग होता. वर्गणीचा मूळ दर सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयामागे एक आणा. तेवढीच भर मालकाने घालायची. कामगारांच्या बोलीत याचे नाव एकच : ‘फंड’. पुढे हा दर वाढत गेला आणि १९९७ मध्ये बहुतेक उद्योगांत बारा टक्के झाला.

८/
१९६८ मध्ये सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, आला. १९७२ च्या उपदान कायद्याने ग्रॅच्युइटीचा हक्क दिला : किमान पाच वर्षे नोकरी केली की प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन. जोडीला एलआयसीची पॉलिसी, कारखान्यातील पतपेढी आणि पाळी सुटल्यावर चालणारी भिशी. यांतील बहुतेक पैसा हाती पडण्याआधीच बाजूला निघत असे, म्हणूनच तो टिकत असे.

९/
या व्यवस्थेचा एक गुण आज सहज विसरला जातो. फंडावरील व्याज दरवर्षी जाहीर होत असे. शेअर बाजार पडला म्हणून कोणाच्या खात्यातील शिल्लक घटत नसे. जोखीम सरकार, मालक आणि संस्था यांच्या खांद्यावर होती. कामगाराने करायचे ते एकच : सेवेची वर्षे पूर्ण करणे. व्यवस्थेची सारी भिस्त या एका अटीवर होती आणि तीच नव्वदच्या दशकात ढासळली.

१०/
शंभर किंवा अधिक कामगार असलेला कारखाना बंद करायचा अथवा कामगार कमी करायचे, तर औद्योगिक विवाद कायद्यानुसार सरकारची परवानगी लागत असे. जुलै १९९१ मध्ये नवे औद्योगिक धोरण आले, स्पर्धा वाढली आणि मनुष्यबळ घटवण्याचा दुसरा मार्ग रूढ झाला : स्वेच्छानिवृत्ती. बोलीभाषेत ‘व्हीआरएस’.

११/
इथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत जो डोमिंग्वेझ आणि विकी रॉबिन यांचे ‘युअर मनी ऑर युअर लाइफ’ प्रसिद्ध झाले. पुढे ‘फायर’वाल्यांनी ते आपले मूळ पुस्तक मानले. त्याच वर्षी भारत सरकारने राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन केला. सार्वजनिक उद्योगांतील स्वेच्छानिवृत्तीचा खर्च त्यातून भागवायचा होता. तिकडे नोकरी सोडणे हे मुक्तीचे तंत्र ठरत होते, इकडे ते उद्योगांच्या पुनर्रचनेचे साधन ठरले.

१२/
आयकराच्या नियमांनी या योजनेची चौकट आखून दिली. वयाची चाळीस वर्षे किंवा सेवेची दहा वर्षे पूर्ण केलेला कर्मचारी पात्र. भरपाईची कमाल मर्यादा साधारणपणे सेवेच्या प्रत्येक वर्षामागे तीन महिन्यांचे वेतन, अथवा उरलेल्या सेवेचे वेतन. पाच लाखांपर्यंतची रक्कम करमुक्त. रिकामी झालेली जागा भरायची नाही. आज ज्या चाळिशीत निवृत्त होण्याचे स्वप्न पाहिले जाते, ती चाळिशी नियमांत तेव्हाच लिहिलेली होती.

१३/
चाळिशीतल्या कामगाराच्या हाती आयुष्यात प्रथमच काही लाखांची रक्कम एकदम पडली. घराचे कर्ज, मुलीचे लग्न, गावाकडची विहीर, मुलाचे शिक्षण, सगळ्यांची नजर त्या एकाच रकमेवर. त्यातूनही कोणी पाच लाख शिल्लक ठेवले असे धरू. बारा टक्के व्याजाने वर्षाला साठ हजार, महिन्याला पाच हजार. साध्या राहणीचे घर चालू शकेल असे हे गणित होते.

१४/
पण व्याजदर कोणाच्या गणितासाठी थांबत नाहीत. जानेवारी २००० पर्यंत पीपीएफवर बारा टक्के मिळत होते. मग अकरा, साडेनऊ, नऊ आणि मार्च २००३ मध्ये आठ. साऱ्या अल्पबचतीचा कल हाच होता. आठ टक्क्यांनी त्याच पाच लाखांचे मासिक उत्पन्न सुमारे ३,३३३ रुपये होते. तीन वर्षांत एक तृतीयांश कमाई गेली. दुधाचा, गॅसचा आणि शाळेचा खर्च या काळात वाढतच होता.

१५/
ज्यांनी सुरक्षित म्हणून ‘युनिट’ घेतले, त्यांना आणखी एक धक्का बसला. युनिट ट्रस्टची यूएस-६४ योजना १९६४ पासून मध्यमवर्गाच्या विश्वासाची होती. जुलै २००१ मध्ये तिच्या युनिटांची विक्री आणि फेरखरेदी थांबवण्यात आली. पुढे सरकारला हस्तक्षेप करावा लागला आणि अखेर गुंतवणूकदारांना रोखे देण्यात आले. मुद्दल बऱ्याच अंशी वाचले, पण हवा तेव्हा पैसा मिळेल हा भरवसा गेला.

१६/
पेन्शनचे काय? १९९५ मध्ये कर्मचारी पेन्शन योजना आली. तिचे सूत्र असे : पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. पूर्ण पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी. पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण कपात सोसून. म्हणजे चाळिशीत बाहेर पडलेल्याला किमान दहा वर्षे काहीच नाही आणि सेवेची वर्षे कमी, म्हणून पुढचा आकडाही लहान.

१७/
२००७ मध्ये बजाज ऑटोने आकुर्डीतील वाहननिर्मिती थांबवली. ज्या कारखान्यातल्या स्कूटरसाठी एके काळी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे, त्याची चाके थांबली. उत्पादनाचा भार वाळूज, चाकण आणि उत्तराखंडातील पंतनगरकडे गेला. आकुर्डीत घडलेले चाकणच्या तरुण कामगारांना माहीत नव्हते असे मानणे कठीण आहे. नोकरी साठीपर्यंत टिकेलच, हे गृहीतक त्यांच्याकडे नव्हते.

१८/
जवळच दुसरे उदाहरण होते. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसने नव्वदच्या दशकात कर्मचाऱ्यांना समभाग दिले आणि त्यातून अनेक पगारदार श्रीमंत झाल्याच्या कथा घरोघरी पोहोचल्या. चाकणपासून फार दूर नसलेल्या हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाचे संकुल वाढत होते. एकाच महानगरात संगणकापुढे बसणाऱ्याला भागीदारीचे आमंत्रण होते, जोडणी-रेषेवर उभे राहणाऱ्याला नव्हते. २०१३ च्या मागणीकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

१९/
समभाग मिळाले असते तर? २०२४ मध्ये बजाज ऑटोचा भाव दहा हजार रुपयांच्या वर गेला. त्या भावाने ५०० समभागांचे पन्नास लाखांहून अधिक झाले असते. मात्र हे उत्तर कळल्यावर सोडवलेले गणित आहे. नोकरी आणि सारी बचत एकाच कंपनीत असणे धोक्याचे असते. २००८ मध्ये सेन्सेक्स जानेवारीतील २१,००० वरून ऑक्टोबरमध्ये ९,००० च्या खाली आला होता. त्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला सरासरी परताव्याचा आधार पुरला नसता.

२०/
आता आजच्या ‘पंचवीसपट’ नियमाकडे पाहू. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट पुंजी जमवा, दरवर्षी चार टक्के काढा. याचे मूळ विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराच्या १९९४ च्या अभ्यासात आहे. त्याने अमेरिकेतील समभाग आणि रोख्यांचा इतिहास तपासला आणि निवृत्तीचा काळ तीस वर्षे धरला. चाळिशीत थांबणाऱ्याला कदाचित पंचेचाळीस वर्षे काढायची असतात, तीही भारतीय महागाईत. नियम उपयुक्त आहे, पण तो दुसऱ्या देशाच्या इतिहासातून निघाला आहे.

२१/
सत्तर वर्षांचा हा प्रवास एकत्र पाहिला की एक धागा दिसतो. फंडात जोखीम संस्थेची होती. व्हीआरएसमध्ये ती एका रकमेसह कामगाराच्या हाती सोपवली गेली. चाकणच्या संपात कामगाराने जोखमीसोबत नफ्यातला वाटाही मागितला आणि तो नाकारला गेला. एसआयपीत जोखीम पूर्णपणे त्याचीच आहे. फायदाही त्याचाच, पण दरमहा बाजूला काढण्याइतका पगार असेल तरच. औद्योगिक पट्ट्यातील कंत्राटी कामगारासाठी ही अटच सर्वांत अवघड आहे.

२२/
म्हणून लवकर निवृत्तीचे गणित मांडणाऱ्याने आधी आपली पगारचिठ्ठी इतिहासाचा दस्तऐवज म्हणून वाचावी. फंडाची ओळ १९५२ ची आहे. मालकाच्या वाट्यातून पेन्शनकडे वळणारी, २०१४ नंतरच्या पंधरा हजारांच्या मर्यादेनुसार जास्तीत जास्त १,२५० रुपयांची रक्कम १९९५ ची आहे. खात्यातून जाणारा एसआयपीचा हप्ता या शतकातला आहे. प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहावा : व्याज घटले, बाजार पडला किंवा कारखाना हलला, तर तोटा कोणाचा?

२३/
व्हीआरएस घेतलेल्या पिढीला हा प्रश्न विचारायला सवड मिळाली नव्हती. निर्णयाची मुदत थोडी आणि रक्कम डोळे दिपवणारी होती. आकुर्डीत २०२२ पासून पुन्हा चेतक बनू लागली आहे, आता विजेवर चालणारी. ती जोडणाऱ्या हातांपुढे निदान मागच्या पिढीचा अनुभव आहे. पुंजी किती, यापेक्षा ती दरमहा किती देईल आणि किती वर्षे देत राहील, हे त्या पिढीने फार मोठी किंमत मोजून शिकवले.